भिजलेलं कार्पेट: जागेवरच वाळवावं की उचलावं?

पाइप फुटला, वॉशिंग मशीनची नळी निसटली, गीझर गळला. कारण काहीही असो, पाणी उपसून झालं की प्रश्न एकच उरतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसवलेलं कार्पेट आहे तिथेच वाळवायचं, की उचलून खालचा फोम काढून टाकायचा? सगळंच फेकून द्यायचं हा तिसरा मार्ग आहेच, पण त्याची वेळ केव्हा येते ते आधी सांगून टाकतो. पाणी गटाराचं किंवा पुराचं असेल, कार्पेट दोन दिवसांहून जास्त भिजत पडलं असेल, किंवा बुरशीचे डाग चौरस मीटरभर तरी पसरले असतील, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, कार्पेट टाकून द्या. घरात दम्याचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस असेल, तर थोड्या डागांसाठीही हाच निर्णय घ्यावा.

आता पाणी स्वच्छ होतं आणि लवकर लक्षात आलं, असं धरू. बुरशीला रुजायला साधारण २४ ते ४८ तास पुरतात. म्हणजे निर्णय त्याच दिवशी घ्यायचा आहे.

जागेवर वाळवणं सोपं दिसतं. वेट व्हॅक्यूमने पाणी ओढायचं, त्याच पट्ट्यावरून तीन-चार वेळा अगदी सावकाश, कारण भराभर फिरवलं की वरवरचंच पाणी येतं. मग पंखे जमिनीलगत तिरके लावायचे, हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर सुरू ठेवायचा, दारं-खिडक्या बंद. बाहेरची हवा खोलीतल्या हवेपेक्षा खरोखर कोरडी असेल तरच खिडक्या उघडाव्यात. कार्पेट पातळ असेल, फोमशिवाय थेट फरशीवर चिकटवलेलं असेल आणि ओल हातभर जागेतच असेल, तर हा मार्ग चांगला चालतो. अशा वेळी उगाच उचकाउचकी करू नये.

खाली फोम असेल तर मात्र माझा या मार्गावर फारसा विश्वास नाही. त्याचं कारण वास.

अंडरले म्हणून, म्हणजे कार्पेटखालची गादी म्हणून, येणारा फोम बहुधा तुकडे दाबून जोडलेला असतो. तो स्पंजसारखं पाणी पितो, आणि वरून कार्पेटची पाठ व खालून फरशी यांच्यामध्ये कोंडला जातो. पंख्याचा वारा कार्पेटच्या लवेपर्यंत पोचतो, फोमपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी वर हात फिरवला तर कार्पेट कोरडं लागतं, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पांढरा टिश्यू पेपर चार पदरी घडी करून ठेवावा आणि टाचेने दहा-पंधरा सेकंद भार द्यावा. कागद ओलसर झाला तर आत पाणी आहे. कागद कोरडा राहिला म्हणून निर्धास्त व्हायचंही कारण नाही. टोचायच्या सुयांचा मॉइश्चर मीटर असेल, तर सुया फोमपर्यंत जातील इतक्या लांब हव्यात.

या कोंडलेल्या ओलीत वर्षानुवर्षं साचलेली धूळ आणि त्वचेचा कोंडा असतो. बुरशीला आणखी काय हवं? मग सुरू होतो तो कुबट वास. तो सतत आला असता तर एक वेळ परवडलं असतं. हवा कोरडी असली की नाहीसा होतो, खोली दोन दिवस बंद राहिली किंवा हवा दमट झाली की परत येतो. त्यामुळे कार्पेट बरं झालं की नाही, याचा निकालच लागत नाही. खाण्याचा सोडा पसरला तर दोन दिवस वास दबतो. शॅम्पूने धुतलं तर फोमला आणखी पाणी मिळतं. एवढ्या एका त्रासापायी मला उचलण्याची मेहनत परवडते.

उचलण्याची रीत नीट पाळली तर कार्पेट वाचतं. आधी वेट व्हॅक्यूमने निघेल तेवढं पाणी काढावं आणि मगच हात घालावा. कार्पेटच्या पाठीचे दोन थर लॅटेक्सने चिकटवलेले असतात. ओल्यापणी ते कमजोर होतं, आणि पाण्याने जड झालेलं कार्पेट करकचून दुमडलं की थर सुटतात. पुढे तिथेच फुगवटे येतात. म्हणून घडी न घालता मोठी गोल गुंडाळी करत मागे न्यावं. कोपऱ्यात पक्कडीने लव धरून सरळ वर खेचलं की कार्पेट खिळेपट्टीवरून, म्हणजे भिंतीलगत ठोकलेल्या खिळ्यांच्या लाकडी पट्टीवरून, सुटतं. हातमोजे जाड हवेत, पट्टीचे खिळे वर टोक करूनच असतात.

फोम वाचवायचा मोह धरू नये. कटरने अर्धा-अर्धा मीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात, खोलीतच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंड बांधावं आणि मग बाहेर न्याव्यात. खिळेपट्टीचं लाकूड काळं पडलं असेल तर तीही काढावी. फोम नवा आणि पट्टी जुनी, अशा ठिकाणी वास कडेने परत येतो.

बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर पंखे आधी बंद करा, नाहीतर बीजाणू घरभर उडतील. एन-९५ मास्क लावा, दारावर प्लास्टिक ताणा, अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने डाग ओढून घ्या आणि मगच डिटर्जंटच्या पाण्याने कार्पेटची पाठ घासा. नंतर थोड्या स्वच्छ पाण्याने खळबळून ते लगेच ओढून घ्या. ब्लीच टाळावं. त्यात बहुतांश पाणीच असतं, ते पाठीत मुरतं, रंग मात्र वरून उडतो. शिवाय मेलेली बुरशी आत राहिली तरी ॲलर्जी व्हायची ती होतेच. तागाची पाठ असेल तर पाणी आणखी जपून वापरा, ती आकसते आणि तपकिरी डाग वर आणते.

फरशी वाळायला कार्पेटपेक्षा जास्त वेळ लागतो, काँक्रीट असेल तर फारच. अर्धा मीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालची जागा गडद झाली, तर नवा फोम टाकू नका. या काळात खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असावा. साधा हायग्रोमीटर पुरतो.

या मार्गाची खरी अडचण शेवटी येते. कार्पेट परत ताणून बसवायला नी-किकर आणि स्ट्रेचर ही ताणायची हत्यारं लागतात, सवयीचा हात लागतो. हाताने ओढून बसवलं तर महिन्याभरात सुरकुत्या पडतात. एवढं काम कारागिराला द्यावं. नवा फोम जुन्याच जाडीचा घ्यावा. जाड घेतला तर कार्पेट खिळेपट्टीला नीट धरत नाही. पाणी जिथून आलं, त्या बाजूचा एक कोपरा कारागिराला सगळ्यात शेवटी बसवायला सांगा, आणि दोन आठवड्यांनी तोच कोपरा उचलून फोमचा वास घेऊन बघा.