लोकसभेची पद्धत की डच पद्धत?

भाच्याला वादविवाद स्पर्धेसाठी बाजू निवडायची आहे: खासदार आपल्यासारखे मतदारसंघातून निवडावेत, की नेदरलँड्ससारखे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात? दोन दिवस डोकं खातोय.

आधी मतांचा हिशेब. 2014 मध्ये भाजपला 31 टक्के मतं, जागा 543 पैकी 282. बसपाला सव्वादोन कोटींहून जास्त मतं, जागा शून्य. भोपळा! हेगमध्ये, म्हणजे डच संसदेत, असं होत नाही. तिथल्या कनिष्ठ सभागृहात 150 जागा. देशभरातून एका जागेपुरती, म्हणजे पाऊण टक्क्याच्याही आत मतं मिळाली की खासदार आत. प्राण्यांच्या हक्कांसाठी काढलेला पक्षसुद्धा 2006 पासून तिथे बसतोय.

सरकार बनवताना मात्र डच लोकांचा कस लागतो. नोव्हेंबर 2023 मध्ये मतदान, 15 पक्ष निवडून आले, मंत्रिमंडळाचा शपथविधी थेट जुलै 2024 मध्ये. जून 2025 मध्ये ते कोसळलंही. आपल्याकडेही आघाड्या मोडतात म्हणा, पण सात महिने वाट पाहायची वेळ येत नाही.

आणि गाऱ्हाणं? रेल्वे फाटकावरच्या पुलाचं निवेदन घेऊन आपण ‘आपल्या’ खासदाराच्या दारात जातो. डच मतदाराला असं एकच दार नाही.

भाच्याला सांगितलं, लहान पक्षांचा, विखुरलेल्या मतदारांचा आवाज मांडायचा असेल तर डच बाजू घे. पटकन सरकार आणि जाब विचारायला ठरलेला माणूस हवा असेल तर आपली. मी स्वतः डच बाजूने बोललो असतो.