ताजमहाल मोठा बांधावा की छोटा?

लेगोच्या विटांत ताजमहाल उभा करायचा म्हटलं की दोन सेट डोळ्यांसमोर येतात. मोठा २०१७ चा, ५,९२३ तुकड्यांचा. २००८ मध्ये आलेल्या ५,९२२ तुकड्यांच्या सेटचीच ती नवी आवृत्ती. छोटा आर्किटेक्चर मालिकेतला, २०२१ चा, २,०२२ तुकड्यांचा. तुकडे जवळजवळ तिप्पट म्हणजे मजाही तिप्पट, असा हिशेब सहज मनात येतो. बांधून होईपर्यंत तो बऱ्यापैकी खरा ठरतो. घोळ त्यानंतर सुरू होतो.

आधी आकार, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. मोठा ताज ५१ सेंटिमीटर रुंद, तितकाच खोल आणि ४३ सेंटिमीटर उंच. छोट्याची बैठक २३ बाय २३, उंची २० च्या आसपास. मूळ इमारत सुमारे ७३ मीटर उंच धरली, तर मोठ्या मॉडेलमध्ये एक स्टड (म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा; मोजमापात शेजारच्या दोन उंचवट्यांच्या मध्यांतलं ८ मिलिमीटरचं अंतर) साधारण १.४ मीटरचा होतो आणि छोट्यात ३ मीटरच्या जवळ जातो. म्हणजे मोठ्यात एखाद्या कोनाड्याला खोली, चौकट आणि वरची कमान देता येते. छोट्यात तोच कोनाडा एका तुकड्यात, फार तर दोन तुकड्यांत भागवावा लागतो.

म्हणून छोटा सेट सोपा असेल असं वाटतं, पण तसं म्हणता येणार नाही. लहान प्रमाणात भिंती बऱ्याचदा आडव्या बांधून उभ्या बसवतात, म्हणजे स्टड वर न येता बाजूला येतात. प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, जाडी ३.२ मिलिमीटर. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टड. हे गणित डोक्यात असेल तर पुस्तिकेतली पायरी चुकली की लगेच कळतं: आडवा भाग जागेवर बसवताना फट राहिली किंवा तो फुगला, तर कुठेतरी एक प्लेट कमी-जास्त झालेली असते. दाबून बसवायच्या फंदात पडू नये. उलगडून थर मोजावेत.

मोठ्या सेटची खरी परीक्षा पुनरावृत्ती घेते. ताज चारही बाजूंनी जवळपास सारखा आहे, मिनारही चार. एकेक करून बांधले तर तिसऱ्या मिनारापर्यंत कंटाळा येतो. चारही एकदम बांधायला घेतले तर पहिल्यात झालेली एका स्टडची चूक चारही मिनारांत शिरते आणि चाळीस पायऱ्यांनंतर, वरचा भाग बसवताना, उघड होते. मधला मार्ग बरा. पहिला मिनार पूर्ण करून जागेवर बसवून बघावा, मग उरलेले तीन एकत्र घ्यावेत. तिन्हींचे तुकडे आधी तीन ताटल्यांत मोजून ठेवावेत. एका ताटलीत काही उरलं की चूक कोणत्या मिनारात आहे ते तिथल्या तिथे समजतं. पिशवीच्या शेवटी एक-दोन बारीक गोल प्लेट उरणं नेहमीचंच, सुटे म्हणून ते जास्तीचे दिलेले असतात. २×४ ची वीट उरली तर मात्र मागे जावंच लागतं.

वेळेबाबत माझा अंदाज तासाला १७० ते २०० तुकड्यांचा. त्या हिशेबाने मोठ्याला तीस-पस्तीस तास लागतात, छोट्याला दहा-बारा. बांधण्याचाच आनंद हवा असेल, संध्याकाळी तासभर असं महिनाभर चालणारं काम हवं असेल, तर मोठा सेट घ्यायला हरकत नाही. इथवर पारडं त्याच्याच बाजूला आहे, हे कबूल.

आता धूळ.

दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, स्टडचा व्यास ४.८. म्हणजे शेजारच्या दोन स्टडमध्ये राहते ३.२ मिलिमीटरची फट. त्या फटीत फडकं जात नाही, ते फक्त स्टडच्या माथ्यावरून फिरतं. शिवाय विटांचं प्लास्टिक विजेला दुर्वाहक. कोरड्या फडक्याने घासलं की त्यावर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि पुसलेल्या भागावर नवी धूळ आणखी उत्साहाने येऊन बसते. त्यात ताज पांढरा, त्यामुळे काहीच लपत नाही. आणि मोठ्या सेटमध्ये चौथऱ्याच्या सगळ्या बाजूंनी कमानी आणि कोनाड्यांची रांग आहे. ज्या बारकाव्यासाठी तो सेट घ्यावासा वाटतो, धूळ नेमकी त्याच बारकाव्यात जाऊन बसते.

छोट्या ताजची सफाई म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगासाठी असतो तो हातातला रबरी ब्लोअर आणि मेकअपचा मऊ, रुंद ब्रश. आधी हवा, मग वरून खाली ब्रश. पाच मिनिटांत काम उरकतं. मोठ्याला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात एका स्टडवर टेकलेले तीन-चार बारीक तुकडे हमखास निसटतात. सगळ्यांत आधी कळसाचं टोक जातं. निसटलेला तुकडा नेमका कुठला हे शोधायला पुस्तिका पुन्हा काढावी लागते. हे दर दोन-तीन आठवड्यांनी. बांधायचे पस्तीस तास एकदाच द्यायचे असतात, पण ही पाऊण तासाची हजेरी संपत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी केली की प्रश्न मिटतो, हे खरं आहे. पण मोठ्याला साधारण ५५ बाय ५५ बाय ५० सेंटिमीटरची पेटी लागते, आणि ती ठेवायला स्वतंत्र टेबल. पुस्तकांचं कपाट सहसा २५ ते ३० सेंटिमीटर खोल असतं. छोटा ताज पेटीसकट तिथे मावतो. मोठा पेटीशिवायही मावत नाही.

धुवायची वेळ आलीच तर पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको, साबण सौम्य हवा, आणि भाग सुटे करूनच धुवावेत. जोडलेल्या विटांच्या आत पाणी अडकतं, मागाहून बाहेर येतं आणि डाग सोडून जातं. वाळवायला हेअर ड्रायर वापरू नये. पातळ प्लेट उष्णतेने वाकतात. मोठं मॉडेल हलवायचं झालं तर कधीही वरून धरू नये. चौथऱ्याखाली कडक प्लायचा तुकडा सरकवून तो उचलावा. रुंद बैठकीला मध्यभागी झोळ आला की वरचे जोड सुटायला लागतात. खिडकीसमोर मात्र दोन्हींपैकी एकही ठेवू नये. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पांढरा रंग पिवळसर होतो, आणि सावलीतली बाजू पांढरीच राहिल्याने तो फरक दुप्पट खुपतो.

ज्यांना प्रश्न ताजचा नसून एकूण प्रमाणाचा आहे, त्यांनी एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही इमारती लहान होताना आपला मुद्दाच हरवून बसतात. आयफेल टॉवर त्यातला. २०१४ चा छोटा सेट ३२१ तुकड्यांचा आणि ३१ सेंटिमीटर उंच. दिसतो छान, पण मूळ टॉवरच्या आरपार दिसणाऱ्या लोखंडी जाळीची नुसती सूचना त्यात उरते. २०२२ चा १०,००१ तुकड्यांचा, १४९ सेंटिमीटर उंच सेट ती जाळी खरोखर विणतो. (ती पुसणार कशी, हे विचारू नका.) कलोसियमचंही तसंच. लंबवर्तुळाची वक्र रेषा थोड्या स्टडमध्ये बसवली की तिच्या पायऱ्या दिसायला लागतात. २०२० च्या ९,०३६ तुकड्यांच्या सेटमध्ये ती वळण घेते.

ताजचं सौंदर्य असं जाळीत किंवा वळणात अडकलेलं नाही. ते आहे घुमट, छत्र्या आणि मिनार यांच्या परस्पर प्रमाणात, आणि ते प्रमाण २३ सेंटिमीटरच्या बैठकीवरही टिकतं. मुमताज महल आणि शाहजहान यांच्या कबरी असलेलं तळघरही छोट्या सेटमध्ये आहे.

तरीही मोठाच हवा असं ठरलं असेल, तर तो आता उत्पादनात नसल्याने बहुधा वापरलेला घ्यावा लागेल. विक्रेत्याकडून चारही बाजूंचे फोटो मागावेत, एकाच प्रकाशात काढलेले. एक बाजू पिवळी निघाली तर सौदा सोडलेला बरा. सुटे केलेले तुकडे मिळणार असतील तर वजनावर विश्वास ठेवू नये. तुकड्यांची यादी पुस्तिकेच्या शेवटी असते. तिच्यावरून आधी बारीक, संख्येने जास्त असलेले पांढरे तुकडे मोजावेत, कारण हरवतात तेच.