दहा महिने एअरब्रश वापरल्यावर: सोलापूरच्या उन्हात काय चालतं, काय नाही

मागच्या दसऱ्याला एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या झोतानं रंग फवारणाऱ्या पेनासारख्या ब्रशचा, सेट घेतला, त्याला आता दहा महिने होत आले. घ्यायच्या आधी जेवढे व्हिडिओ बघितले ते सगळे एसी खोलीत बसून केलेले, आणि मी बसते जुळे सोलापुरात गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली, त्यामुळं त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं करायला गेले की काही केल्या जुळायचंच नाही. आपल्याकडच्या कुणाला घ्यायचा असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

सेट म्हणजे वर कप असलेला ड्युअल अ‍ॅक्शन एअरब्रश (एकाच ट्रिगरनं हवा आणि रंग दोन्ही), ०.३ मिमीची सुई, आणि छोटा १/५ एचपीचा पिस्टन कंप्रेसर, तीन लिटरच्या टाकीसकट. ब्रँड वगैरे काही नाही, सगळं मिळून साडेआठ हजारांच्या आसपास गेले. बिनटाकीचा सेट बराच स्वस्त होता आणि हे म्हणत होते की आधी तोच घे, जमलं तर मोठा घेऊ. पण टाकी घेतली हे माझं सगळ्यात बरोबर ठरलं. बिनटाकीच्या कंप्रेसरची हवा धक्के देत येते, पिस्टन जसा हलेल तशी, आणि बारीक रेघ ओढताना ती थरथर कागदावर दिसते (ओळखीत एकीकडं आहे, तिच्याकडं चालवून बघितला). टाकी असली की हवा एकसारखी येते, मशीन मधूनमधून आपोआप थांबतं, त्यामुळं तापत पण नाही. पैसे वाचवायचेच असतील तर ब्रश साधा घ्या, कंप्रेसरमध्ये वाचवू नका. आणि प्रेशर सेट करताना ट्रिगर दाबून हवा चालू असताना काटा बघायचा, नुसतं उभं असताना काटा २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवतो आणि दाबलं की १८ वर येतो. हे कळेपर्यंत महिना गेला माझा.

पहिले पंधरा दिवस मी रंग घातलाच नाही. पाण्यात खायचा लाल रंग मिसळायचा आणि जुन्या पेपरवर ठिपके, रेघा, परत ठिपके, मुलगी अभ्यासाला बसली की शेजारी मी पण बसायचे. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागं ओढला की रंग. सुरू करताना आधी हवा मग रंग, थांबताना आधी रंग बंद मग हवा. ऐकायला सोपं वाटतं पण बोट ऐकत नाही, हवा आधी सोडली की टोकाला थेंब राहतो आणि पुढच्या वेळी दाबलं की तोच थेंब फाटकन कागदावर. बारीक सुरू होऊन जाड होत जाणारी रेघ एका दमात ओढता यायला लागली तेव्हा कुठं मी रंगाच्या बाटलीला हात लावला. ही पायरी गाळू नका खरंच, नंतरचं सगळं ह्याच बोटावर आहे.

आता मुख्य गोष्ट, रंग पातळ करणं. सगळीकडं लिहिलेलं असतं दुधासारखा करा. पण कुठलं दूध? कपाच्या कडेवर थेंब लावला की तो सरकन खाली यावा आणि मागं पातळसा पडदा राहावा, हे मला जमलेलं माप. ट्यूबमधले जाड, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक कितीही पातळ केले तरी ०.३ च्या नोझलमध्ये (पुढच्या बारीक तोंडात) अडकतात, मलमलच्या कपड्यातून गाळून घेतले तर थोडे चालतात, पण एअरब्रशसाठीचेच रंग आणले तेव्हा निम्मी भांडणं मिटली. बेसला (खालच्या सलग थराला) २५ पीएसआय, बारीक कामाला १२ ते १५.

आणि मग मार्च आला. सोलापूरचं ऊन काय असतं ते आपल्याला सांगायची गरज नाही, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात. त्या हवेत अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतं, दर अर्ध्या मिनिटाला रंग यायचा थांबतो, आणि जो येतो तो वाटेतच वाळून पृष्ठभागावर दाणे दाणे बसतो, हात फिरवला तर रवाळ लागतो. मी आधी सुईला दोष दिला, मग रंगाला, नवीन सुई पण मागवली. दोष उन्हाळ्याच्या कोरड्या हवेचा होता. उपाय तीन केले: रंगात रिटार्डरचे (रंग सावकाश वाळावा म्हणून घालायचं द्रव) दोन-तीन थेंब, हाताशी ओला इअरबड ठेवून सुईचं टोक सारखं पुसत राहणं, आणि काम पहाटे. मे महिन्यात मी सव्वापाचला गच्चीवर असायचे आणि आठ वाजता सगळं आवरून खाली. दुपारी बारा वाजता जे काम तीन वेळा बिघडलं होतं ते पहाटे पहिल्या हाताला झालं.

धुणं म्हणजे अर्धं काम. प्रत्येक रंग बदलताना, आणि शेवटी सुई काढून. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळं नळाखाली धरून धुवायचा प्रश्नच नाही, पण लागत पण नाही तेवढं. दाबायची छोटी बाटली भरून घ्यायची, कपात थोडं पाणी, पुढं बोटानं टोक दाबून हवा उलटी सोडली की कपात बुडबुडे येतात आणि आतला रंग सुटतो, ते ओतायचं, परत तेच, शेवटी क्लीनरचे चार थेंब. एका वेळेला कपभर पाण्यात होतं. एकदा लग्नाला जायच्या घाईत तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी सुई आत चिकटलेली, ती सोडवताना दोन तास गेले.

न विचारता बुडबुडे यायला लागले, म्हणजे रंग मारताना कपात आपोआप, तर समजायचं नोझल सैल आहे किंवा तडकलंय. माझं जानेवारीत तडकलं, कारण छोट्या पान्यानं मीच जास्त आवळलं होतं. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान पितळेचा तो भाग, त्याच्यावाचून आठ दिवस काम बंद. तेव्हापासून एक नोझल आणि एक सुई जादा असतेच डब्यात. रंग एका बाजूला तिरका उडत असेल तर सुईचं टोक वाकलेलं असतं, नखावरून हळू फिरवली की अडकते तिथं कळतं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून मातीचे सात-आठ गल्ले आणले होते सरावाला. माती रंग पिते हे माहिती नव्हतं, पहिले दोन कोट गायब. आधी पातळ फेव्हिकॉलचा हात मारला मग बसला रंग. गोल वस्तूवर एका बाजूनं उजेड पडल्यासारखी छटा कशी घ्यायची हे सगळं मी त्या गल्ल्यांवर शिकले.

मोठ्या वस्तूंना एअरब्रश पुरत नाही हे लक्षात घ्या. आणि त्या छोट्या कंप्रेसरला मोठी स्प्रे गन जोडायची असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो मिनिटाला वीस-बावीस लिटर हवा देतो, मोठ्या गनला शंभरच्या वर लागते. मी हातात धरायची इलेक्ट्रिक गन वेगळी घेतली, तिच्याबरोबर एक भोक असलेला छोटा कप येतो, रंग त्यातून गळायला किती सेकंद लागतात ते मोजून पातळ करायचा. लोखंडी खाट मस्त झाली. विजापूर रोडला एक गॅरेजवाले मामा आहेत, त्यांनी उभं राहून हात कसा चालवायचा ते दाखवलं: मनगट फिरवायचं नाही, अख्खा हात सरळ न्यायचा, आठ-दहा इंचावरून, गन वस्तूच्या बाहेर सुरू करायची आणि बाहेरच बंद, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. जवळ धरली की ओघळ, लांब धरली की दाणे.

कूलर मात्र वाया गेला. रेड ऑक्साईड प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारून वर ऑइल पेंट, सुंदर दिसत होता, दीड महिन्यात पापुद्रे. कूलरचा पत्रा जीआय, म्हणजे वर जस्ताचा थर, आणि तेलाच्या रंगाचं जस्ताशी पटत नाही, मध्ये साबणासारखा थर होऊन रंग सुटतो. मामा म्हणाले, "ताई, जीआयला आधी वॉश प्रायमर लागतोय की, विचारायचं होतं." सगळा खरवडून परत केला, आता टिकलाय.

धुळीचं पण सांगते. उन्हाळ्यात वारा सुटला की ओल्या रंगावर धूळ बसलीच. मारायच्या आधी गच्चीची फरशी ओली करायची, वापरलेलं पाणी चालतं. आणि पुसायला टॉवेलच्या चिंध्या घेऊ नका! आमच्याकडं हे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, घरात चिंध्यांची पोती, साहजिकच मी त्याच वापरत होते आणि प्रत्येक कोटमध्ये तंतू. जुनी सुती साडी फाडून वापरायला लागले, तंतू बंद.

मास्कवर मी अजिबात तडजोड करत नाही. कापडी मास्क फार तर जाडी धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही अडवत, वाफेसाठी कार्ट्रिजवाला (वाफ शोषणारी डबी लावलेला) लागतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर पेट घेतं, म्हणून घरात देवघरात समई चालू असताना तो डबा उघडायचाच नाही, आमच्याकडं हा नियम सासूबाईंनीच केलाय. गाड्यांचा हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग मी घरी मारत नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, ते गॅरेजचं काम. भाच्याचं हेल्मेट रंगवायला पण नाही म्हणाले, थिनरनं कवच आतून कमजोर होऊ शकतं.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. जुलैत चौरंगाला एनसी लॅकर मारलं आणि दहा मिनिटांत पांढरट धुकं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. उघडीप बघून परत मारलं, त्यात थोडं रिटार्डर थिनर घातलं, मग गेलं. कंप्रेसरच्या फिल्टरमध्ये पण हल्ली पाणी साठतं, रोज खालचं बटण दाबून काढते, नाहीतर रंगात थेंब येतात.

हे सगळं ज्याच्यासाठी, ते म्हणजे आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे. सासूबाईंच्या लग्नाच्या आधीपासूनचे, गाल काळवंडलेले, ओठांचा रंग गेलेला. बाहेर रंगवायला द्यायला त्या तयार नाहीत, तिथं चेहरा बदलून देतात म्हणतात, आणि ते मला पटतं. मला पण पहिल्यांदा नाहीच म्हणाल्या. मग मी शाडूचा एक कोरा मुखवटा आणून त्यावर चार वेळा चेहरा केला, पुसला, परत केला, चौथा त्यांनी हातात घेऊन उन्हात नेऊन बघितला आणि संध्याकाळी स्वतःच पेटी काढून दिली.

जुना रंग तेलाचा, त्यावर अ‍ॅक्रिलिक सरळ धरत नाही, म्हणून ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) अगदी हलक्या हातानं, नाकाची आणि भुवईची कड न झिजवता, मग प्रायमर. त्वचेला पांढऱ्यात पिवळ्या मातीचा रंग (यलो ऑकर) आणि लालचा थेंब. गालाची लाली म्हणजे रंग कमी, पाणीच जास्त, १२ पीएसआय, दोन-तीन इंचावरून, एकेक हात इतका फिका की मारला का नाही कळू नये, असे आठ-दहा हात. ब्रशनं गाल केला की गोल शिक्का दिसतो, एअरब्रशनं लाली कुठं सुरू होते ते सापडत नाही, आणि ह्याच एका गोष्टीसाठी मला हे यंत्र हवं होतं. डोळे मात्र हातानंच, शून्य नंबरच्या ब्रशनं, जुन्या फोटोत बघून, सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या बुबुळ किती वर.

थोरलीचं झालं. धाकटीच्या ओठाचा एक हात आणि वरचा मॅट वार्निश राहिलाय, उद्या पाऊस नसला तर सकाळी सहाला बसणार आहे.