सल्लागार घडवताना कामी आलेला आराखडा: एसएफआयए

सल्लागारांचं प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने आखायचं असेल, तर 'स्किल्स फ्रेमवर्क फॉर द इन्फर्मेशन एज' म्हणजेच एसएफआयए हा कौशल्यांची यादी आणि त्यांच्या पातळ्या मांडणारा आराखडा जरूर वापरून पाहा. आमच्या टीमच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि मी ते याच पायावर उभं केलंय. 2000 साली आलेल्या या आराखड्याची नववी आवृत्ती 2024 मध्ये निघाली. मूळ रोख आयटीकडे असला तरी सल्लागारीला तो छान लागू पडतो.

मला सगळ्यात पटलं ते हे, की यातल्या सात पातळ्या नोकरीच्या वर्षांवर ठरत नाहीत, जबाबदारीवर ठरतात. माणूस किती स्वतंत्रपणे काम करतो, त्याच्या शब्दाला कुठवर वजन आहे, काम किती गुंतागुंतीचं आहे, हे पाहिलं जातं. समजा क्लायंट म्हणाला, "आम्हाला नवीन सॉफ्टवेअर हवंय." नवखा मागण्यांची यादी नीट उतरवून घेतो. तिसऱ्या पातळीवरचा विचारतो, सध्याचं कुठे अडतंय? पाचवीवरचा चार दिवस काम कसं चालतं ते पाहतो आणि सांगतो, की खोळंबा सॉफ्टवेअरमुळे होत नाही, मंजुऱ्यांमुळे होतोय. तेही क्लायंटला न दुखावता! हा फरक समोर मांडता आला की ज्युनियरला "अजून मॅच्युरिटी यायला हवी" असं मोघम ऐकवावं लागत नाही. अप्रेझलमधली निम्मी कटुता त्या मोघमपणातूनच येते, असं माझं ठाम मत आहे.

वर्णनं मात्र कोरडी आहेत आणि शिकवायचं कसं, ते यात नाही. म्हणून आम्ही प्रत्येक पातळीपुढे आमच्या कामातला एकेक पुरावा लिहिला. तिसरीसाठी स्वतः घेतलेली क्लायंटची मुलाखत, चौथीसाठी ज्युनियरच्या अहवालावर दिलेला अभिप्राय. आधी सिनियरशेजारी बसून पाहायचं, मग त्याच्यासमोर करायचं, मग एकट्याने. "सेशन आवडलं का?" या फॉर्मवर आता आम्ही विसंबत नाही. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले, त्यातला तिसरा, म्हणजे कामावर वागणं बदललं का, तोच आम्ही तपासतो.

एसएफआयएच्या यादीत शंभराहून जास्त कौशल्यं आहेत, सगळी घेऊ नका. सल्लागारी, संबंधितांशी नातं राखणं, गरजा समजून घेणं अशा चार-पाचांपासून सुरुवात पुरे. संस्थेच्या अंतर्गत वापराला सहसा पैसे लागत नाहीत, तरी परवान्याच्या अटी आधी वाचून घ्या.