एटिमऑनलाइन साइटचा रिव्ह्यू, निमित्त हाइडबाउंड

इंग्रजी शब्द कुठून आला ते बघायला मी बरेच दिवस एटिमऑनलाइन वापरतेय. डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन माणसाने उभी केलेली साइट आहे, वाचायला पैसे लागत नाहीत. पण तिच्या खरी प्रेमात पडले ती हाइडबाउंड या शब्दामुळे.

अनुवाद करताना हा शब्द आला, अर्थ माहीत होता, जुन्या चाकोरीला चिकटलेला, नवा विचार आत येऊच न देणारा. हाइड म्हणजे कातडं, त्यामुळे मला वाटायचं कातडी बांधणीच्या जाडजूड पुस्तकांवरून आला असणार, नाहीतर जाड कातडीवरून. साफ चूक! साइटवर जेमतेम दोन ओळी आहेत, शब्द 1550 च्या दशकातला आणि आधी वापरला तो खंगलेल्या गुरांसाठी, ज्यांचं कातडं पाठीच्या कण्याला अन् बरगड्यांना चिकटलंय. माणसाच्या कोत्या मनाला तो लागला 1600 च्या आसपास.

वाचून मी थांबलेच. म्हणजे कातडं जाड झालेलं नाही, आतलं मांस झडलंय म्हणून ते आवळलंय! घोड्यांतही हेच, बरगडीवरचं कातडं चिमटीत उचलत नाही, कारण चारा कमी नाहीतर पोटात जंत. कूपमंडूक म्हटलं की बाहेरचं जग न बघितलेला माणूस, इथे मात्र उपाशी राहिलेलं मन आहे, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मी शेवटी 'आक्रसलेल्या मनाचा' असं केलं. इंग्रज कवी मिल्टनने 1644 मध्ये अ‍ॅरिओपॅजिटिका या पुस्तिकेत, पुस्तक छापायला परवाना लागण्याविरुद्ध लिहिताना, परवाना देणाऱ्याच्या मर्जीला हाच शब्द लावलाय, तो आता किती जास्त झोंबतो.

आजचा अर्थ किंवा वापर शिकायला मात्र इथे जाऊ नका, त्यासाठी नेहमीची डिक्शनरी घ्या, ही साइट फक्त शब्दांचा माग काढते.

अजून एक आवडलं, रंगतदार गोष्ट मिळाली म्हणून ती खरी असं इथे धरत नाहीत. बिगट म्हणजे दुसऱ्याचं मत सहन न करणारा कट्टर माणूस, त्या शब्दाबद्दल उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन लोकांची, 'बाय गॉड' अशी देवाची शपथ घेण्याची गोष्ट सगळीकडे फिरते, इथे ती आहे पण मूळ नक्की नाही हेही स्पष्ट लिहिलंय. आणि पॅरोकियल, म्हणजे आपल्यापुरतंच बघणारा, संकुचित, हा शब्द नक्की बघा, मागे मागे गेलात की तो ग्रीकमध्ये शेजारी राहणाऱ्या, परक्या गावात वस्तीला आलेल्या माणसाच्या शब्दापाशी पोचतो.