हिकरी घ्यावी की पर्सिमन? जुन्या गोल्फ क्लबांचा इतिहास आणि किंमत

जुना क्लब (गोल्फची काठी) हातात आला की आधी दांड्याला लोहचुंबक लावून पाहा. १९३०च्या दशकात पोलादी दांड्यांवर लाकडासारखं दिसणारं तपकिरी-पिवळं आवरण चढवत. तेच क्लब आज ‘शंभर वर्षांची लाकडी स्टिक’ म्हणून खपवले जातात. अमेरिकेत पोलादी दांड्याला १९२४ मध्ये मान्यता मिळाली, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ‘आर अँड ए’ या नियम ठरवणाऱ्या संस्थेने ती १९२९ मध्ये दिली. त्यामुळे हिकरी लाकडाचा खरा दांडा असेल तर क्लब बहुधा त्या सुमाराचा किंवा आधीचा. मात्र हिकरीच्या नव्या प्रतिकृतीही बनतात, तेव्हा दांडा लाकडी आहे एवढ्यावर पैसे मोजू नयेत.

संग्रह सुरू करणाऱ्याला परवडणाऱ्या वाटा मुख्यतः दोन: हिकरी दांड्याचे आयर्न (लोखंडी डोक्याचे क्लब), किंवा १९५०-६०च्या दशकांतले पोलादी दांडा आणि पर्सिमन लाकडाचं डोकं असलेले ड्रायव्हर (लांब फटक्याचे क्लब).

इतिहास शोधायचा तर हिकरी केव्हाही सरस, कारण तो डोक्याच्या पाठीवरच ठोकलेला असतो. ओढायच्या पाइपचा ठसा दिसला तर डोकं सेंट अँड्रूजच्या टॉम स्टुअर्ट या कारागिराचं, हाताचा पंजा असेल तर लेव्हनच्या जॉर्ज निकोलचं, चांदणी म्हणजे किंगहॉर्नचा विल्यम गिब्सन. या शिक्क्याला क्लीक मार्क म्हणतात. शेजारी दुसरं नाव असलं तर ते बहुतेकदा क्लब जोडून विकणाऱ्या प्रोचं (व्यावसायिक गोल्फपटूचं) किंवा दुकानाचं. तिसरा शिक्का कधीकधी दांड्यावर, ग्रिपच्या जरा खाली असतो. डोक्यावरचं आणि दांड्यावरचं नाव जुळत नसेल तर दांडा बदललेला असण्याची शक्यता धरा. चेहरा (डोक्याची चेंडूला लागणारी बाजू) अगदी गुळगुळीत असेल तर क्लब जुना असू शकतो. ठिपके आणि रेघा विसाव्या शतकात सर्रास झाल्या. मॅशी, निब्लिक या आयर्नच्या जुन्या नावांऐवजी नुसता आकडा असेल तर काळ साधारण १९२०च्या दशकाच्या अखेरचा किंवा नंतरचा.

एवढा इतिहास सापडूनही साध्या मॅशीला साधारण २० ते ५० डॉलरच मिळतात. असे क्लब ढिगाने बनले आणि ढिगाने टिकले. प्रसिद्ध खेळाडूचं नाव असलं म्हणून हुरळू नये: बॉबी जोन्सच्या नावाचे क्लब स्पॉल्डिंग कंपनीने १९३२ पासून कारखान्यात काढून विकले, त्याने ते हातात धरलेले नव्हते. मोठा पैसा आहे तो लांब नाकाच्या, डोकं आणि दांडा तिरके कापून सांधलेल्या, दोऱ्याने गुंडाळलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या किंवा त्याहून जुन्या क्लबांना. २००७ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात अँड्र्यू डिक्सन या जुन्या क्लब-कारागिराच्या नावाचा लांब नाकाचा पटर (चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब) १,८१,००० डॉलरला गेला. तुमच्या मॅशीचा भाव ठरवताना तो आकडा मात्र निरुपयोगी.

पर्सिमनचं गणित उलटं. १९५०च्या दशकातल्या मॅकग्रेगर कंपनीच्या एम८५ सारखं मॉडेल ओळखायला सोपं, पण किंमत ठरते ती अवस्थेवर. मूळ पॉलिश हवं; घासून नव्याने रंगवलेलं डोकं देखणं दिसतं आणि संग्राहकाकडे कमी भावात जातं. डोक्यावर बारीक समांतर थर दिसले तर ते एकसंध पर्सिमन नसून चिकटवलेलं मेपल आहे, तेही स्वस्तच. तळपट्टीचे स्क्रू, चेहऱ्यातला इन्सर्ट (बसवलेला वेगळा तुकडा) आणि मानेवरची दोऱ्याची गुंडाळी नीट तपासा. मानेला चीर असेल तर सोडून द्या. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग एसीच्या खोलीत आकसतं आणि इन्सर्टच्या कडेने फट पडते. बंद चामडी पिशवीत तर ठेवूच नका.

आयर्न साफ करतानाही हात आखडता ठेवा. हलकं तेल आणि अगदी बारीक (चार शून्यांची) स्टील वूल पुरे. बफिंग चाकावर धरलं की गंज जातो, शिक्काही जातो, आणि क्रोम चढवला तर किंमतच उरत नाही. हिकरीच्या दांड्याला जवसाचं कच्चं तेल पातळ लावून पुसून काढा.

भाव पाहताना ईबेवर मागितलेली नव्हे, विकली गेलेली किंमत बघा. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचं कमिशन धरलंय का तेही बघा.

आमचा कल असा: वाचायची, शोधायची हौस असेल तर स्पष्ट क्लीक मार्कचे, न घासलेले तीन-चार हिकरी आयर्न. पैसे अडकवायचेच असतील तर एकच निवडक पर्सिमन, किंवा त्याहून बरा पिंग कंपनीचा जुना ॲन्सर पटर. कंपनीचा संस्थापक कार्स्टन सोलहाइम याने तो १९६६ मध्ये काढला, पेटंट १९६७चं. सुरुवातीच्या नगांवर स्कॉट्सडेलचा पत्ता असतो, नंतरच्यांवर फीनिक्सचा. पण स्कॉट्सडेल हे नाव कंपनीने पुढेही वापरलंय, म्हणून एका शब्दावर न जाता पूर्ण पत्ता वाचा.

भारतात सापडलेला क्लब परदेशी विकायचा बेत असेल तर वय आधी ठरवा: शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही.