पत्रा चमकला म्हणून पैसे दिले, सप्टेंबरात घर गळायला लागलं

मंडळी, सोलापुरात ज्यांची जुनी पत्र्याची घरं आहेत त्यांनी हे वाचाच, बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

आमचं घर बाळीवेशीच्या आतल्या गल्लीत. पणजोबांनी बांधलेलं, आजी सांगायची की इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या आधीचं, म्हणजे १९३० च्या आधीचं धरा. मागच्या निम्म्याहून जास्त भागावर नेहमीचा नाळीचा (लाटांसारख्या घड्यांचा) जस्ती पत्रा आहे, पण पुढच्या माडीवर सपाट पत्रा, छोटे छोटे तुकडे एकमेकांत दुमडून वरून डाख (सोल्डर) दिलेला. लहानपणापासून आम्ही दोन्हीला पत्राच म्हणायचो, फरक कुणाला माहिती. तिथंच फसलो.

मेच्या शेवटी एक कॉन्ट्रॅक्टर आला, ओळखीच्याच्या ओळखीचा. नाव टाकत नाही. बोलायला एकदम गोड, "मालक, असला पत्रा आता मिळत नाही, जपा," वगैरे. म्हटला पावसाच्या आत करून टाकू, हीटप्रूफ वॉटरप्रूफ दोन्ही, १० वर्षं गॅरंटी. ३२ रुपये स्क्वेअर फूट. आमचं छत १४०० फुटाच्या आसपास, यानं माप काढलं १९००. का तर म्हणे नाळीची घडी धरावी लागते. नाळीला माप थोडं वाढतं हे खरंच आहे हो, पण पुढचा ३५० फूट पत्रा तर सपाट, त्याला कसली घडी? हे मला तेव्हा सुचलंच नाही, आता रात्री झोपताना सुचतं. ६०,८०० झाले, ३५,००० ॲडव्हान्स. बिल मागितलं तर "जीएसटी लावलं तर तुम्हालाच जड जाईल मालक". मी पण हो म्हटलं, ती चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली, ग्रायंडरला तारेचा ब्रश लावला आणि सगळा पत्रा घासून चकचकीत केला. मी खालून बघून खूश, वा काय मेहनत करायलेत. त्यावर काळं काहीतरी लावलं, विचारलं तर म्हणे वॉटरप्रूफ बेस. त्यावर चांदी कलर. तीन दिवसात काम खल्लास, ते पण भर दुपारी, पत्र्यावर पाय ठेववत नव्हता अशा उन्हात. चांदी कलरचा २० लिटरचा एकच डबा आणलेला मी पाहिला. नंतर डब्यावरचं वाचून हिशोब केला, एका लिटरात एका हाताला साधारण १२० फूट धरलं तर १४०० फुटाला प्राइमर आणि दोन हात मिळून ३५ लिटर तरी लागायला पाहिजे. प्राइमरचा तर डबाच आला नव्हता.

जूनमध्ये चांदीवर तपकिरी डाग यायला लागले. फोन केला तर "ऊन खाऊ द्या, सेट होतंय". बाकीचे पैसे तोपर्यंत दिलेले होते. आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय, जून जुलैत बरेचदा नुसते ढग येऊन बघून जातात, त्यामुळं तेव्हा गळलंच नाही. ऑगस्टपर्यंत मी चार जणांना त्याचा नंबर पण दिला, आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. खरा पाऊस आपला सप्टेंबरात. पहिल्या मोठ्या पावसाला रात्री अडीच वाजता माडीवर पातेली मांडत फिरत होतो. मागं दोन ठिकाणी त्यानं नवे कोरे जस्ती पत्रे टाकले होते, त्याच्यावरचा रंग तर पापडासारखा अख्खाच्या अख्खा निघून अंगणात पडला.

मग आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत, आयुष्यभर कल्हई आणि डाख द्यायचं काम केलं, आता थकलेत. त्यांना शिडीवर चढवायचं नव्हतं म्हणून सुटलेला एक तुकडाच खाली आणून दाखवला. खिळ्यानं खरवडून त्यांनी आधी कपाळाला हात लावला. म्हटले, "बेटा, ह्याची कल्हई काढलीस की रे." पुढचा पत्रा जस्ताचा नव्हताच, लोखंडावर कथील आणि शिशाचा मुलामा होता. आता यातली गोम ऐका. जस्ताचं कसं, थोडा ओरखडा गेला तरी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलाचं उलटं, ते झाकून असेल तोपर्यंत ठीक, एकदा फाटलं की उघड्या जागी लोखंड आणखी जोरात गंजतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, तसंच काहीसं. म्हणून हा पत्रा कायम रंगाखाली ठेवायचा आणि ग्रायंडर त्याच्या जवळपास पण आणायचा नाही. आणि त्या पोरांनी नव्वद वर्षांचा मुलामा एका सकाळीत घासून काढला, मी त्यांना वर चहा पाठवला.

ते काळं म्हणजे साधं डांबर. उन्हानं तडकतं, भेगेतून पाणी आत जातं आणि आतच बसतं, वरून दिसत नाही. ते डांबरच चांदीतून वर येऊन तपकिरी डाग पडले होते, सेट बिट काही होत नव्हतं. चाचा म्हटले पूर्वी जवसाच्या तेलात शेंदूर नाहीतर गेरूसारखी लाल माती घोटून लावायचे. शेंदूर आता नको, तो पण शिशाचाच, पण रेड ऑक्साइडचा तेलातला प्राइमर ह्या पत्र्याला चांगला धरतो. नव्या जस्ती पत्र्याला मात्र तेलाचा रंग थेट चालत नाही, जस्ताशी मिळून खाली साबणासारखा थर होतो आणि रंग सुटतो, त्याला आधी एच प्राइमर (etch primer, जस्ताला पकड घेणारा) लागतो. म्हणजे एकाच घरावर दोन तऱ्हा, आणि आमच्या माणसानं दोन्हीला एकच डांबर फासलं.

घासताना उडालेल्या धुळीत शिसं असणार हे कळल्यावर बायकोनं जे ऐकवलं ते लिहीत नाही. पुतणीचा पाळणा तेव्हा माडीवर होता. नंतर सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं, झाडलं नाही.

ग्राहक आयोगाचं (पूर्वीचा ग्राहक मंच) पण बघितलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, नीट बोलले, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखापर्यंत फी नाही. पण मला विचारलं पावती आहे का, माझ्याकडं व्हॉट्सॲपवरचा एक अंगठा आणि "हो मालक" एवढंच. ॲडव्हान्स फोनवरून पाठवला होता तेवढा पुरावा आहे, बाकीचे कॅश. तरी अर्ज टाकलाय.

आता थंडीत हातानं डांबर खरवडायचं काम चालू केलंय, स्क्रॅपर आणि टर्पेंटाइन, रोज दोन हात जागा. जेवढं लोखंड उघडं होईल तेवढ्याला त्याच दिवशी प्राइमर. सात तुकडे गेलेतच, ते बदलावे लागणार.

परवा त्या माणसाच्या स्टेटसला फोटो होता, कुठल्या तरी जुन्या वाड्याचा पत्रा, चांदीसारखा लखलखीत, खाली लिहिलंय १० वर्षं गॅरंटी. तो वाडा कुणाचा मला माहिती नाही, नाहीतर इथं लिहीत बसण्याऐवजी थेट त्यांच्या दारात गेलो असतो.